वर बावीस, खाली एकेचाळीस: शिंगाळ बेडकाच्या टाकीतलं एक प्रकरण

"ताई, ढब्बूला अजून थंडी वाजतेय. चार दिवस वर आलाच नाही. टाकीला अजून एक मॅट लावू का?"

फोनवरचा हा प्रश्न ऐकून मी ढब्बूच्या मालकिणीला आधी हातातलं सगळं खाली ठेवायला सांगितलं आणि टाकीच्या तळाखालची, विजेवर तापणारी मॅट बंद करायला लावली. त्यामागचं कारण तेव्हा नीट सुचलेलं नव्हतं. एवढंच जाणवलं की जो बेडूक गारठलाय असं तिला वाटतंय, तो उष्णतेच्या बाजूनेच खाली गेलाय. पुढे जे सापडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण त्यात माझाही वाटा होता. थंडी सुरू झाली तेव्हा तिने मला विचारलं होतं, किती तापमान ठेवू? मी म्हटलं होतं, २५ अंश. ते २५ कुठे मोजायचे, हे मी सांगितलं नव्हतं.

प्राणी आणि टाकी

ढब्बू हा क्रॅनवेलचा शिंगाळ बेडूक, शास्त्रीय नाव सेराटोफ्रिस क्रॅनवेली. पाळणारे लोक याच्या सगळ्या जातकुळीला 'पॅकमॅन फ्रॉग' म्हणतात, कारण अंगापेक्षा तोंडच मोठं. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ग्रान चाको प्रदेशातला, म्हणजे अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि ब्राझीलच्या काही भागातला. तिथे पाऊस ठरावीक महिन्यांतच पडतो. उरलेल्या कोरड्या, तापलेल्या काळात हा बेडूक जमिनीत शिरतो, गळलेली कातडी अंगावरून टाकून न देता तिचेच थर साठवून स्वतःभोवती कवच करतो आणि पावसाची वाट बघत पडून राहतो. ही सवय लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच फिरतं.

टाकी काचेची होती: ४५ सेंमी लांब, ४५ रुंद, ३० उंच, वर जाळीचं झाकण. तळाशी दहा सेंमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एका कोपऱ्यात पाण्याचं उथळ भांडं, दुसऱ्यात सालीचा आडोसा. टाकी एका बाहेरच्या भिंतीला लागून, खिडकीच्या खाली ठेवलेली. उबेचा महिना होता तोवर खोलीच २४-२५ अंशांवर असायची आणि टाकीला काहीच लावावं लागत नव्हतं. ढब्बू दोन वर्षांचा, १४० ग्रॅम वजनाचा, खाण्यापिण्यात कधीच नखरे न करणारा.

मग पारा उतरला आणि रात्री खोली १७ अंशांवर आली.

तेरा दिवस

पहिल्या दिवशी तिने १६ वॅटची हीट मॅट टाकीच्या तळाखाली, काच आणि टेबल यांच्यामध्ये सरकवली. थर्मोस्टॅटही घेतला, म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की मॅट बंद करणारं यंत्र. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, आतल्या भिंतीवर, कोकोपीटच्या वर पंधरा सेंमी उंचीवर चिकटपट्टीने लावला आणि आकडा २५ वर ठेवला. तिच्या जागी मी असते आणि मला कुणी काही सांगितलं नसतं, तर मीही असंच केलं असतं. मॅटच्या खोक्यावर टाकीखाली ठेवल्याचंच चित्र असतं.

प्रोबवरचा आकडा २० च्या पुढे जाईना. पाच दिवस वाट बघून सहाव्या दिवशी तिने मॅट बदलली आणि ३५ वॅटची, जवळजवळ सगळा तळ व्यापणारी मॅट लावली. आकडा २२ वर आला आणि तिथेच अडला. नवव्या दिवशी ढब्बू पूर्ण आत शिरला. फक्त डोळे वर असतात तेही दिसेनात. तिने अर्थ लावला की गारठ्याने आत गेला. ऊब टिकावी म्हणून टाकीभोवती जाड टॉवेल गुंडाळला. कोकोपीट वरून कोरडं पडत होतं म्हणून रोज दोनदा पाणी फवारलं. तेराव्या दिवशी मला फोन केला.

यातलं एकही पाऊल निष्काळजीपणाचं नाही. प्रत्येक पावलामागे तिच्यासमोर एक आकडा होता आणि तो आकडा खराही होता. फक्त तो हवेचा होता. ढब्बू हवेत राहत नव्हता.

मोजणी

मी पोचले तेव्हा मॅट बंद होऊन पाऊण तास झाला होता. आधी इन्फ्रारेड गनने कोकोपीटचा पृष्ठभाग बघितला: २३. हा आकडा बघून कुणीही निश्चिंत झालं असतं. इन्फ्रारेड गन फक्त समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, त्याच्या एका सेंटिमीटर खाली काय चाललंय ते तिला कळत नाही. म्हणून तार असलेला डिजिटल प्रोब हळूहळू खाली घातला. पाच सेंमीवर २९. तळाच्या काचेला टेकल्यावर, मॅटच्या मधोमध, ४१. आणि हे मॅट बंद केल्यानंतर पाऊण तासाने.

ढब्बू मागच्या कोपऱ्यात सापडला. अर्धं अंग मॅटच्या कडेवर, अर्धं बाहेर. पोटाखाली ३४. म्हणजे त्याने मॅटपासून जितकं दूर जाता येईल तितकं जाऊन पाहिलं होतं. ४५ सेंमीच्या चौकोनात ते अंतर संपतं.

डोळे खोल गेलेले, कातडी चिकट आणि सैल, वजन ११८ ग्रॅम. उताणा ठेवल्यावर निरोगी बेडूक क्षणात पालथा होतो. याला अकरा सेकंद लागली. पोटावर, मागच्या पायांच्या मधल्या भागात, साधारण दोन सेंमी रुंदीचा लालबुंद चट्टा होता आणि त्याची कड सोलवटलेली.

तीन शक्यता

पोटावरची लाली बघून लगेच 'भाजलं' म्हणणं सोपं होतं, पण ते घाईचं झालं असतं. बेडकाच्या पोटावर आणि मांड्यांवर लाली येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जिवाणूंचा संसर्ग, ज्याला पाळणारे 'रेड लेग' म्हणतात. तो रक्तात पसरतो आणि जीव घेतो. दुसरं कारण अमोनिया. टाकीतली घाण कोकोपीटमध्ये मुरते, तापली की जास्त वेगाने कुजते, आणि तयार होणारा अमोनिया पोटाची कातडी जाळतो. तिसरं, मॅट.

तिन्ही एकमेकांवर स्वारही होतात. भाजलेल्या कातडीतूनच जिवाणू आत जातात. त्यामुळे 'कोणतं एक' हा प्रश्न माझ्या मते फारसा उपयोगाचा नव्हता. 'सुरुवात कुठून झाली' हा होता. कोकोपीट आठ दिवसांपूर्वीच बदललेलं होतं, वास नव्हता. लाली मांड्यांवर पसरलेली नव्हती, जिथे अंग टेकत होतं तिथेच कड धरून होती. आणि काच ४१ अंशांवर होती. उभयचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यानेही चट्ट्याचा नमुना घेऊन तपासला आणि हेच सांगितलं: उष्णतेची इजा, सोबत पाणी कमी होणं, संसर्ग अजून पसरलेला नाही.

उपचार पशुवैद्याचे, मी ते इथे उतरवून काढत नाही, कारण औषधाचं प्रमाण वजनावर आणि इजेवर ठरतं. पण त्याच्याकडे पोचेपर्यंत आम्ही काय केलं आणि काय टाळलं, ते सांगते. साध्या प्लास्टिकच्या डब्यात ओला कागदी टॉवेल आणि पोट जेमतेम बुडेल एवढं, क्लोरीन काढलेलं, २४ अंशांचं पाणी. गार पाणी नाही, बर्फ तर नाहीच. ३४ वरून एकदम १५ वर आणणं हा दुसरा धक्का असतो. माणसांचं कुठलंही मलम नाही. बेडकाची कातडी जे लागेल ते आत घेते, आणि वेदना कमी करण्यासाठी मलमात घातलेली बधिर करणारी द्रव्यं त्याला मारू शकतात. खायला काही दिलं नाही. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनणारं जंतुनाशक) उडत नाही. आपल्याकडच्या पाण्यात काय घालतात हे माहीत नसेल तर ही दोन्ही निकामी करणारं कंडिशनर वापरावं.

चोवीस तासांत वजन १३१ वर आलं. जे गेलं होतं ते बहुतेक पाणीच होतं.

बेडूक पाणी कुठून पितो

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हे कळल्याशिवाय तळाखालची मॅट इतकी वाईट का, हे पटत नाही.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओटीपोट आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला त्याची कातडी पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. ओल्या जमिनीवर तो तो भाग टेकवून बसतो आणि पाणी कातडीतून आत ओढतो. म्हणजे ढब्बूला ज्या जागी भाजलं, ते त्याचं पाणी पिण्याचं अंग. वरून दिवसातून दोनदा फवारलेलं पाणी वरच्या तीन सेंमीत अडकत होतं, आणि त्याच्या पोटाखालचा थर तापून कोरडा होत होता. मी तळाचं कोकोपीट मुठीत दाबून पाहिलं तेव्हा पाण्याचा थेंब निघाला नाही. वरचं दाबलं तर धार लागली.

दुसरी गोष्ट गारव्याची. आपल्याला घाम येतो, बेडकाच्या ओल्या कातडीतून पाणी सतत उडत असतं आणि त्यामुळे कोरड्या हवेत त्याचं अंग हवेपेक्षा गार राहू शकतं. पण दमट, बंद जागेत पाणी उडायला वाव नसतो. टॉवेल गुंडाळून आणि फवारून आम्ही तो मार्गही अरुंद केला होता.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. खऱ्या जमिनीत दिवसाच्या उन्हात जितकं खाली जाल तितकं गार लागतं. बेडकाच्या अंगात हीच समज भिनलेली असते: तापलं, कोरडं झालं, की खाली जा आणि गप्प पडून राहा. तळाखाली मॅट लावली की ही जमीन उलटी होते. खाली जावं तसं तापत जातं. जितका त्रास होईल तितका तो खाली जाणार, आणि जितका खाली जाईल तितका त्रास वाढणार. वर बसलेल्या माणसाला मात्र दिसतं की बेडूक लपलाय, म्हणजे थंडी वाजतेय, म्हणजे उष्णता वाढवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर वागतात आणि बेडूक मरतो.

आकडा वर का चढत नव्हता

तिला सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट ही होती की ३५ वॅट लावूनही हवा २२ च्या पुढे जाईना. हे कोडं कागदावर सुटतं.

या टाकीच्या सहा बाजू मिळून पाऊण चौरस मीटरहून जास्त, जवळपास ०.९५ चौरस मीटर पृष्ठभाग आहे (वरची जाळीही इथे काचेसारखीच धरली आहे). पातळ एकेरी काचेतून एक अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे ढोबळमानाने साडेपाच वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे टाकी खोलीपेक्षा एक अंश गरम ठेवायला पाच वॅटच्या वर खर्च. १७ अंशांच्या खोलीत २५ हवेत, तर आठ अंशांसाठी चाळीसेक वॅट सतत आत यायला हवेत. १६ वॅटच्या मॅटने तीन अंश चढले, तेही बरोबरच. ३५ वॅटमधले काही टेबलात गेले, उरलेल्यांनी पाच अंश चढवले. जाळीच्या झाकणातून जाणारी गरम हवा मी यात धरलेलीच नाही.

थोडक्यात, मॅट कमी पडत नव्हती, टाकी उघडी पडली होती. आणि हवा २५ ला पोचत नाही म्हणून थर्मोस्टॅटने मॅट एकदाही बंद केली नाही. तेरा दिवस, चोवीस तास. थर्मोस्टॅट लावलेला असूनही नसल्यासारखा. दहा सेंमी कोकोपीटने वरून पांघरूण घातलेली मॅट उष्णता सोडू शकत नाही, तेव्हा ती काचेतच साठते. कधी कधी अशाने काचेचा तळ तडकतोही. तिचा तडकला नाही.

चिकटपट्टीबद्दलही इथेच सांगते. दमट टाकीत ती दोन-तीन दिवसांत सुटते. सुटलेला प्रोब टाकीबाहेर लोंबला तर तो खोलीचं तापमान मोजतो आणि मॅट कधीच बंद होत नाही. पाण्याच्या भांड्यात पडला तर पाण्याचं मोजतो. आणि नुसता ओला झाला तरी पाणी उडताना तो गार होतो आणि खऱ्यापेक्षा काही अंश कमी दाखवतो, म्हणजे मॅट पुन्हा जास्त वेळ चालू. याशिवाय पट्टीच्या चिकट बाजूला बेडूक लागला तर कातडी सोलून निघते. तिच्या टाकीतली पट्टी अर्धी सुटलेली होती. आणखी दोन दिवसांनी काय झालं असतं, तो विचार मी तिच्यासमोर बोलून दाखवला नाही.

नवी मांडणी

ढब्बू डब्यात असताना आम्हाला घाई नव्हती. म्हणून उष्णतेचा विचार आम्ही सर्वांत शेवटी केला. आधी गळती थांबवली.

टाकी बाहेरच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला, खिडकीपासून दूर नेली. तेवढ्यानेच रात्रीचं भोवतालचं तापमान १७ वरून १९ वर आलं. काही न विकत घेता मिळालेले ते दोन अंश. मग तळाखाली आणि एका बाजूला दोन सेंमी जाडीचा थर्माकोल. त्या दोन बाजूंमधून जाणारी उष्णता त्यामुळे जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते. जाळीचं झाकण दोन तृतीयांश अॅक्रिलिकच्या तुकड्याने झाकलं आणि एक तृतीयांश उघडं ठेवलं. पूर्ण झाकलं तर हवा कोंदट होते, बुरशी धरते. पूर्ण उघडं ठेवलं तर ऊब आणि ओल दोन्ही जातात.

मॅट आता उभ्या. १६ वॅटच्या दोन, एक बाजूच्या काचेवर आणि एक मागच्या काचेवर, बाहेरून, आणि दोन्ही कोकोपीटच्या पातळीच्या वर. तळ पूर्ण मोकळा. मॅटच्या मागे थर्माकोल लावला नाही. थर्माकोल उष्णतेने मऊ पडतो आणि पेटतो, म्हणून तिथे बोटभर हवेची फट ठेवली. अशी मांडणी केली की टाकीचा मागचा एक कोपरा उबदार, समोरचा कोपरा गार, आणि सगळीकडे खाली जावं तसं गार. जमीन पुन्हा सरळ झाली.

वरून सिरॅमिक एमिटर लावावा का, यावर आमची बरीच चर्चा झाली. उजेड न देता उष्णता देतो म्हणून तो अनेकांना आवडतो. उंच टाकीत, झाडावरच्या बेडकासाठी, जाळीच्या वर आणि गार्डसह तो मला चालेल. पण त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या खूप वर जातो, त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो, प्लास्टिकचा वितळतो. आणि ३० सेंमी उंचीच्या टाकीत कोकोपीटवर २० सेंमीच अंतर उरतं. शिवाय तो हवा कोरडी करतो. खरं तर कुठलीही उष्णता करते. २० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा पाणी न घालता २६ वर नेली तर आर्द्रता ४२ टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेत मावणारं बाष्प वाढतं. म्हणून उष्णता वाढवली की ओलही वाढवावी लागते, आणि ती वरून फवारून नाही. आता ती आठवड्यातून दोनदा एका कोपऱ्यात नळीने तळापर्यंत पाणी सोडते, म्हणजे ओल खालून वर येते. लाल दिव्याचा विचार आम्ही केलाच नाही. रात्री अंधार हवा असलेल्या प्राण्यावर लाल उजेड पाडण्यात मला अर्थ दिसत नाही.

थर्मोस्टॅटचा प्रोब उबदार कोपऱ्यात, कोकोपीटमध्ये तीन सेंमी खोल, सक्शन कपातून नेऊन पक्का बांधलेला. बेडूक जिथे बसतो तिथे, त्याच्या पोटाच्या पातळीला. दिवसा २५, रात्री २१. रात्री उतरू देणं त्याच्या हिताचंच. त्याशिवाय कमाल-किमान लक्षात ठेवणारा एक वेगळा थर्मामीटर गार कोपऱ्याच्या तळाशी, कारण ज्या यंत्राने उष्णता ठरते त्याच यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवून बसणं मला पटत नाही. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर आम्ही काढून टाकले. शेजारी ठेवून पाहिले तर त्या दोघांत चार अंशांचा फरक होता.

अडकलेल्या थर्मोस्टॅटची चाचणी

थर्मोस्टॅट बिघडतो, आणि बिघडतो तेव्हा बऱ्याचदा 'चालू' अवस्थेतच अडकतो. आतल्या रिलेचे, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या खटक्याचे, संपर्क चिकटतात. म्हणून बेडूक आत ठेवण्याआधी मी एक रात्र थर्मोस्टॅट काढून दोन्ही मॅट थेट चालू ठेवल्या. सकाळी खोली २० अंश होती. उबदार कोपऱ्यात हवा २८.५ आणि कोकोपीट २७. गार कोपऱ्याचा तळ २३. म्हणजे सगळी यंत्रणा फसली तरी बेडकाला जगायला जागा उरते. मॅट किती वॅटची घ्यावी, याचं माझ्या मते हेच खरं उत्तर आहे: थंडीत जेमतेम पुरेल आणि अडकली तरी मारणार नाही अशी. तळाखालची ३५ वॅटची मॅट या चाचणीत पहिल्या तासातच नापास झाली असती.

अर्थात ही चाचणी २० अंशांच्या खोलीची. खोली ३० असेल त्या दिवशी हेच दोन मॅट घातक ठरतील. म्हणून खोली २४ च्या वर गेली की प्लग काढायचा, नुसता आकडा कमी करायचा नाही. शिवाय मालिकेत दुसरा थर्मोस्टॅट बसवला, २८ वर. पहिला अडकला तर दुसरा तोडतो.

विजेचं काम मी नवशिक्याच्या भरवशावर सोडत नाही, म्हणून तेही आम्ही दोघींनी बसून केलं. पूर्वी एक्स्टेंशन बोर्ड टाकीच्या मागे, जमिनीवर होता, फवाऱ्याच्या थेट खाली. तो टाकीच्या पातळीच्या वर भिंतीला लावला. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झुकून मग वर येईल अशी ठेवली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळात गळतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे याची खात्री केली आणि टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते पाहिलं. मॅट दुमडलेली, कापलेली, वायरच्या जोडाशी काळवंडलेली असेल तर टाकून द्यायची. एकदा काचेवरून ओढून काढलेली मॅट पुन्हा चिकटवायची नाही. आतल्या पट्ट्या तुटतात आणि एकाच जागी तापतात. आणि टाकीला टॉवेल, गोधडी, चादर काहीही गुंडाळायचं नाही.

तीन दिवस टाकी रिकामी चालवली. कमाल २५.६, किमान २०.८. मग ढब्बू परत गेला.

दुसरे बेडूक

हे आकडे त्याचे आहेत, सगळ्यांचे नाहीत. व्हाइटचा वृक्षबेडूक उंचावर बसतो. त्याला दिवसा वरच्या फांदीवर २७-२८ पर्यंत चालतं, म्हणून प्रोब फांदीजवळ हवा. विषारी बाण-बेडूक २२ ते २५ मध्ये बरे असतात आणि ३० च्या जवळ गेले की त्यांच्या जिवाला धोका होतो. ज्या खोलीत माणूस आरामात बसतो तिथे त्यांना बहुधा मॅट लागतच नाही. पूर्वेकडचा अग्निपोट बेडूक तर थंडी सोसणारा. त्याला तापवणं हेच त्याच्या आजारपणाचं कारण होऊ शकतं. मला येणाऱ्या प्रश्नांतले निम्मे तरी अशा बेडकांबद्दल असतात ज्यांना उष्णतेची गरजच नसते. काहीही लावण्याआधी एक आठवडा रिकाम्या हाताने फक्त मोजा. सकाळ, दुपार, पहाट, आणि बेडूक जिथे झोपतो तिथे.

थंडीनेही बेडूक मरतात, हे मी नाकारत नाही. गारठलेल्या बेडकाचं पचन थांबतं, पोटातलं खाणं कुजतं, आजाराशी लढणारी ताकद मंदावते. पण १८ अंशांवर दोन रात्री काढलेला शिंगाळ बेडूक सकाळी सुस्त असतो आणि ऊब मिळाली की सावरतो; तेवढ्या काळात त्याला फक्त खायला घालू नये. ३८ अंशांवर दोन तास काढलेला बहुधा सावरत नाही. दोन चुकांमधली एक निवडायची वेळ आली तर मी थंडीची चूक निवडेन.

पुढचं

चट्टा भरायला सात आठवडे लागले. तीन वेळा कात टाकल्यावर लाली गेली, पण मधोमध नखाएवढा पांढुरका डाग राहिला आहे. तिथली कातडी पूर्वीसारखी पाणी ओढते की नाही हे सांगता येत नाही, म्हणून त्याचं पाण्याचं भांडं आता मोठं आहे आणि वजन दर रविवारी होतं. विसाव्या दिवशी त्याने पहिलं गांडूळ खाल्लं. वजन आता १३७ आहे.

मागच्या महिन्यात तिचा पुन्हा फोन आला. ढब्बू परत पूर्ण आत गेला होता, तीन दिवस. मी काही विचारण्याआधीच तिने सांगितलं, "ताई, प्रोब त्याच्याजवळ नेऊन बघितला. पोटाशी २३ आहे, कोकोपीट ओलं आहे, खोली २६, मॅटचे प्लग काढून ठेवलेत." मग जरा थांबून म्हणाली, "राहू दे ना तसाच?"

मी म्हटलं, राहू दे.